सरकार पडावं तर सभागृहात

२९ जून २०२२. तिकडे रात्र, इथे कॅनडातल्या सरेमध्ये सकाळचे नऊ वाजून गेलेले. फेसबुकवर उद्धव ठाकरे राजीनामा जाहीर करत होते, तेवढ्यात साताऱ्याहून दादाचा फोन. "बघतेयस ना? आमदार आधी सुरतेला, मग गुवाहाटीला, आता गोव्याला निघालेत. आपल्या जिल्ह्यातलेही त्यातच. तुमच्याकडे चालतं का असलं?"

आमच्याकडे पक्षांतरबंदीचा कायदाच नाही म्हटल्यावर त्याला खरं वाटेना.

बरोबर पाच वर्षं आधी, २९ जून २०१७ लाच, आमच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं सरकार पडलं होतं. ८७ जागांपैकी सत्ताधारी लिबरल ४३, एनडीपी (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) ४१, ग्रीन ३. एनडीपी आणि ग्रीन यांनी पाठिंब्याचा लेखी करार करून तो लोकांपुढे ठेवला होता, त्यामुळे प्रीमियर, म्हणजे प्रांताच्या मुख्यमंत्री, क्रिस्टी क्लार्क हरणार हे उघड होतं. तरी त्या सभागृहाला सामोऱ्या गेल्या. मी ते मतदान पाहिलं. एकेक आमदार जागेवर उभा राहत होता. सरकारविरोधात ४४, बाजूने ४२; सभागृहाचे अध्यक्ष बरोबरी झाल्याशिवाय मत देत नाहीत. मग क्लार्क यांनी नायब राज्यपाल ज्युडिथ गिशॉन यांच्याकडे विधानसभा विसर्जित करायची मागणी केली. गिशॉन यांनी ती नाकारली आणि त्याच संध्याकाळी एनडीपीच्या जॉन हॉर्गन यांना सरकार बनवायला सांगितलं.

इथलं सगळंच सोवळं आहे असं मी दादाला कधीच सांगणार नाही. लिबरल आमदार डॅरिल प्लेकस यांनी सप्टेंबरमध्ये सभागृहाचं अध्यक्षपद घेतलं, विरोधातलं एक मत कमी झालं, म्हणून हॉर्गन यांचं काठावरचं सरकार सावरलं. प्लेकसना पक्षाने काढून टाकलं. पुढे हॉर्गन यांनीही करार बाजूला सारून २०२० मध्ये, ऐन कोरोनात, मुदतीआधी निवडणूक घेतली आणि जिंकली. ते मला अजूनही पटलेलं नाही.

आपल्याकडे पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे. पक्षाचे एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर अपात्रता टळायची, ती पळवाटही २००३ मध्ये बंद केली. अपात्रतेचा निर्णय मात्र अध्यक्षांच्याच हाती राहिला, आणि या प्रकरणात तो यायला जानेवारी २०२४ उजाडला. त्याआधी ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की राज्यपालांनी बहुमत चाचणीला बोलावणं चुकीचं होतं. पण ठाकरे चाचणीला सामोरे न जाता पायउतार झाले, म्हणून त्यांना पुन्हा बसवता येत नाही.

दादाचं म्हणणं, "गेले असते तरी हरलेच असते."

हरले असते. पण ज्या पक्षाच्या चिन्हावर निवडून आले, त्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्यासमोर उभं राहून त्या आमदारांना "विरोधात" म्हणावं लागलं असतं. आणि न्यायालयाचे हातही बांधले गेले नसते.