नाक्यावरचा बार आणि आईची वही

गेले चार दिवस आमच्या एरियाच्या ग्रुपवर नुसता पूर आलाय. नाक्यावरचा बार बंद होतोय, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, महिनाअखेर शटर कायमचं खाली. आणि सगळे पुरुष एकदम कवी झालेत. कुणाला पहिला पेग आठवतोय, कुणाला गटारीची गर्दी, कुणाला मॅच. एकाने तर लिहिलंय, बारमालक अण्णा म्हणजे देवमाणूस, गिरणी कामगारांना संपभर वहीवर, म्हणजे उधारीवर, पाजली. त्याच्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मी तीनदा कमेंट टाइप केली आणि तीनदा खोडली. म्हटलं आपल्या वॉलवरच लिहू, राग येईल त्याला येऊ दे.

मी करी रोडच्या चाळीतली. बाबा गिरणीत, साचेखात्यात. आणि आई खानावळवाली. हे आजकालच्या पोरांना सांगावं लागतं, खानावळ म्हणजे बोर्ड लावलेलं हॉटेल नाही हो, आमची दहा बाय बाराची खोली, त्यातच आम्ही चौघं आणि त्यातच दोन वेळा जेवायला येणारे अकरा जण. सगळे कोकणातले नाहीतर घाटावरचे, बायकापोरं गावाला, इथे गाळ्यात पंधरा-वीस जण मिळून राहायचे आणि पाळीपाळीने झोपायचे. जेवायला आमच्याकडे. पैसे महिन्याने, पगार झाला की.

आता यातली गंमत बघा. पगार एकच, आणि गिरणीच्या गेटपासून आमच्या खोलीपर्यंतच्या रस्त्यावर आधी बार लागायचा. आई पगाराच्या दिवशी मला पिटाळायची, जा, तिथे उभी राहा. मी आठ-नऊ वर्षांची. बारच्या दाराला काळी काच, शेजारी पानाची गादी, त्या गादीपाशी मी दप्तरासकट उभी. दार उघडलं की आतून गार हवा नाही यायची (एसी नंतर आला), सिगरेट, लिंबू आणि ओल्या फडक्याचा वास यायचा आणि अर्ध्या मिनिटात दार परत बंद. वेटर मला ओळखायचा. काही न विचारता आत जाऊन ओरडायचा, "खानावळीची वसुली आली रे!" आणि आत हशा. मग एकेक जण बाहेर येऊन दहाच्या नोटा माझ्या हातात ठेवायचा, काही पूर्ण, काही "ताईला सांग उरलेले शनिवारी". बाबा सगळ्यात शेवटी. त्यांच्याकडून कधीच काही मिळालं नाही ही वेगळी गोष्ट.

त्यामुळे त्या बारवर लिहायचा मलाही हक्क आहे. मी तो बाहेरून पाहिलाय एवढंच.

बरं, मी काही दारूबंदीवाली नाही. बाबा सांगायचे की त्यांचे काका मुंबईत आले तेव्हा बार वगैरे काही नव्हतंच. 1949 चा दारूबंदी कायदा, मोरारजीभाई तेव्हा मुंबई राज्याचे गृहमंत्री. दारू बंद म्हणजे काय, मागच्या दाराने चालू. आंटीचे अड्डे, हातभट्टी, नवसागर घातलेली. कायदा अजून तोच आहे बरं का, नावातलं मुंबई काढून महाराष्ट्र घातलं एवढंच. म्हणून तर आपल्याकडे बारला परमिट रूम म्हणतात, आणि म्हणून कागदोपत्री आजही प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा देशीला 2 रुपये, विदेशीला 5, वर्षाचा वेगळा, आजन्म वेगळा. आणि तो कशासाठी तर आरोग्य टिकवण्यासाठी! आमच्या चाळीत आरोग्याची एवढी काळजी घेणारी माणसं होती की काय सांगू. बिअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं पूर्ण हवीत हाही नियम आहेच. आमच्या बारमध्ये मिसरूड फुटलं की पंचवीस.

पण सीलबंद बाटली डोळ्यासमोर फुटते, माणूस झिंगून का होईना पण जिवंत घरी येतो, हे आईसुद्धा मान्य करायची. 2015 च्या जूनमध्ये मालाडला मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली तेव्हा टीव्हीसमोर बसून ती म्हणाली होती, "अण्णाकडे निदान हे नव्हतं." तेवढं श्रेय अण्णांना देऊन टाकते.

आता संपाचं. 18 जानेवारी 1982. अडीच लाखाच्या घरात कामगार बाहेर. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत काहीतरी मिळवून देतील, महिन्या-दोन महिन्यात मिटेल, असं सगळ्यांना वाटत होतं, आणि तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही कधी. पहिले काही आठवडे अण्णांनी वहीवर दिली हे खरं आहे. मग गल्ल्याच्या वर पाटी लागली, आज रोख उद्या उधार. मी वाचलीय ती, तेव्हा मला जोडाक्षरं नुकतीच नीट यायला लागली होती आणि दिसेल ती पाटी मी मोठ्याने वाचायची. अण्णांना दोष देत नाही, धंदा आहे, त्यांनाही लायसन्सचे पैसे भरायचे होते. पण "संपभर पाजली" हे कुठून आलं? संपभर पाजली असती तर आमचे बाबा त्या वर्षी देशीच्या गुत्त्यावर उभ्याउभ्याने संत्रा मारायला का गेले असते?

वही चालू राहिली ती आईची. लाल कापडी पाठीची, वाण्याकडे मिळते तसली. अकरा जण रोज दोन वेळा. पहिल्यांदा मासे बंद झाले, मग डाळ पातळ झाली, मग नुसता भात आणि कुळथाचं पिठलं, पण ताट वाढलं नाही असं झालं नाही. तिने स्वतः वाण्याकडे उधारी केली, मग पितळेची भांडी गेली. आमच्या चाळीत अशा चार बायका होत्या, पूर्ण गिरणगावात किती असतील विचार करा. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी, बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. संपात ते नसतं तर कितीतरी खानावळी बसल्या असत्या. मग पावसाळ्यात एकेक जण पेरणीला म्हणून गावी गेला. अकरापैकी परत आले चार. वहीतले बाकीचे आकडे अजून तसेच आहेत, शाई तपकिरी झालीय फक्त. एकाचा मुलगा 2003 साली पत्ता शोधत आला आणि साडेतीनशे रुपये देऊन गेला, आई ते घेईना, तो ठेवूनच गेला.

ग्रुपवर या वहीवर पोस्ट आलीय का एक तरी? नाही. कारण तिथे नॉस्टॅल्जिया नाही, तिथे फक्त भाताचं पातेलं आहे.

आता गिरण्यांच्या जागी काय आहे ते तुम्हाला माहितीच आहे. भाचीने मध्ये मला एका कंपाउंडमधल्या पबमध्ये नेलं, लोखंडी खांब तसेच ठेवलेत, शोभेला. मसाला पीनट 280 रुपये. मला राहून राहून कमला मिलमधली 29 डिसेंबर 2017 ची रात्र आठवत होती, रूफटॉप पबच्या आगीत 14 जण गेले ती, आणि मी सारखी बाहेर पडायचा दरवाजा बघत होते. भाची म्हणाली, मावशी चिल. असो.

आपल्याकडे उभी बाटली आडवी बाटली असं मतदान असतं, बायकांनी आडवीला कौल दिला तर दुकान बंद. मी आईला विचारलं, तेव्हा मिळालं असतं तर तू काय केलं असतंस? ती म्हणाली, "आडवी. आणि मग वसुलीला तुला पाठवायचं कुठे?"

हे परवाचं बोलणं. आणि मग म्हणाली, मला एकदा आतून दाखव. शहात्तर वर्षांची बाई. काल दुपारी, गर्दी नसताना, नेलं. अण्णा कधीच गेले, आता मुलगा बसतो, तो उठून उभा राहिला. आईने चष्मा पुसून नीट निरखून सगळं पाहिलं. सहा टेबलं, रेक्झिनची बाकडी, गणपती-लक्ष्मीचा फोटो, त्यावर लाल बल्ब. "एवढंच?" म्हणाली. मग विचारलं, हे कुठे बसायचे? ते आता कोण सांगणार. वॉशबेसिनजवळच्या टेबलावर आम्ही बसलो आणि दोन थम्सअप मागवल्या. वेटरने सवयीने उकडलेल्या चण्यांची बशी आणून ठेवली, वर कांदा, लिंबाची फोड. आईने चार चणे खाल्ले, म्हणाली मीठ जास्त झालंय, आणि याचे किती म्हणून विचारलं. तो म्हणाला आजी, चकण्याचे पैसे नसतात, पहिल्यापासून फुकटच.

"फुकट?" आई माझ्याकडे बघायला लागली. "आणि मेल्याने एक दिवस पुडी बांधून आणली नाही घरी."