'इंटेलिजन्स'पुढे 'ॲन' कधीच येत नाही? पाच चुकीच्या नियमांना उत्तर

इंग्रजी सुधारून देणारी एक यादी बरीच फिरते आहे. बुद्धी या अर्थाचे शब्द वाक्यात कसे वापरावेत, याचे पाच नियम तिच्यात आहेत. 'इंटेलिजन्स'च्या आधी 'अ' किंवा 'ॲन' कधीच येत नाही. 'इंटेलेक्ट' हा त्याचाच भारदस्त पर्याय. 'इंटेलिजंट' आणि 'इंटेलेक्चुअल' एकच. बुद्धी जास्त असेल तर 'बिग' किंवा 'स्ट्राँग' लावा. आणि आयक्यू (बुद्ध्यंक) टक्क्यांत सांगा. यातला पहिला नियम अर्धा खरा आहे, आणि त्याच्या आडून बाकीचे चार खपून जातात.

'अ' किंवा 'ॲन' कधीच नाही

बुद्धिमत्ता या सर्वसाधारण अर्थाने 'इंटेलिजन्स' हे अगणनीय, म्हणजे एक-दोन असे न मोजले जाणारे, नाम आहे, इथपर्यंत ठीक. म्हणून 'शी हॅज ॲन इंटेलिजन्स' चूक, 'मेनी इंटेलिजन्स' चूक आणि 'अ लॉट ऑफ इंटेलिजन्स' बरोबर. घोटाळा 'कधीच' या शब्दाने होतो.

बुद्धी कशा प्रकारची आहे हे सांगणारे विशेषण आधी आले, की उपपद (म्हणजे 'अ' किंवा 'ॲन') चालते: 'शी हॅज अ कीन इंटेलिजन्स'. इथे 'अ' आहे, कारण उपपद लगेच पुढच्या शब्दाच्या उच्चारावरून ठरते आणि तो शब्द 'कीन' आहे.

'ॲन इंटेलिजन्स टेस्ट' किंवा 'ॲन इंटेलिजन्स रिपोर्ट' यांत उपपद 'टेस्ट' आणि 'रिपोर्ट' या नामांचे असते. खात्री करायची तर मधला शब्द काढून वाचा. 'अ टेस्ट' उरले आणि ते बरोबर वाटले, म्हणजे मूळ रचनाही बरोबर. यादी पाठ केलेल्यांची चूक इथेच हमखास होते: ते 'आय टुक इंटेलिजन्स टेस्ट' असे लिहून नको तिथे उपपद गाळतात.

बुद्धी असलेला जीव किंवा अस्तित्व या अर्थानेही हे नाम गणनीय होते, जसे 'ॲन एलियन इंटेलिजन्स'. बुद्धीचे प्रकार मोजायचे असतील तर अनेकवचनही होते. मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली मांडलेला सिद्धांत 'मल्टिपल इंटेलिजन्सेस' याच नावाने ओळखला जातो.

'द'बद्दल यादी काहीच बोलत नाही, आणि रोजच्या लिखाणात तीच रचना जास्त लागते: 'ही हॅड द इंटेलिजन्स टू कॉल अ डॉक्टर'. अमुक करण्याइतकी अक्कल, असा अर्थ हवा असेल तर 'द' घालायचा आणि पुढे 'टू' लावून क्रियापद ठेवायचे. 'इंटेलिजन्स ऑफ कॉलिंग' ही रचना तिथे बसत नाही.

शिवाय याच शब्दाचा दुसरा अर्थ गुप्त माहिती असा आहे. 'द आर्मी रिसीव्ह्ड इंटेलिजन्स अबाउट द अटॅक' या वाक्यात सैन्याला हल्ल्याबद्दल बुद्धी सुचलेली नाही, खबर मिळाली आहे. या अर्थानेही नाम अगणनीयच राहते. एखादीच खबर असेल तर 'अ पीस ऑफ इंटेलिजन्स' म्हणायचे.

'इंटेलेक्ट' म्हणजे भारदस्त 'इंटेलिजन्स'

नाही. 'इंटेलेक्ट' म्हणजे तर्काची आणि अमूर्त विचाराची शक्ती. प्राण्यांच्या हुशारीबद्दल 'इंटेलिजन्स' सहज वापरतात, 'इंटेलेक्ट' सहसा नाही. व्याकरणही वेगळे: 'अ ब्रिलियंट इंटेलेक्ट' हे अगदी नेहमीचे, आणि थोर विचार करणाऱ्या माणसालाच उद्देशून 'वन ऑफ द ग्रेट इंटेलेक्ट्स ऑफ हर टाइम' असे अनेकवचनही होते. एक शब्द काढून दुसरा घातला की वाक्य सजते हा भ्रम आहे. 'आर्टिफिशियल इंटेलेक्ट' असे म्हणून पाहा.

'इंटेलिजंट' आणि 'इंटेलेक्चुअल' एकच

चलाख कुत्रा 'इंटेलिजंट डॉग' असतो. 'इंटेलेक्चुअल डॉग' म्हटले तर तो तत्त्वज्ञान वाचत बसलेला डोळ्यांसमोर येतो. पहिले विशेषण समजण्याची क्षमता सांगते, दुसरे विचार आणि ज्ञानव्यवहाराशी नाते सांगते: 'इंटेलेक्चुअल डिबेट', 'इंटेलेक्चुअल प्रॉपर्टी'. दुसरे नाम म्हणूनही चालते. 'शी इज ॲन इंटेलेक्चुअल' म्हणजे ती विचारवंत आहे (कधीकधी हे कुत्सितपणेही म्हटले जाते). 'शी इज ॲन इंटेलिजंट' मात्र अपुरे आहे, पुढे 'गर्ल', 'स्टुडंट' असे काही नाम हवेच. 'इंटेलिजिबल' हा शब्दही यांच्यात मिसळू नये. त्याचा अर्थ 'समजेल असा', आणि तो बोलण्याला किंवा लिखाणाला लावतात.

'बिग', 'स्ट्राँग' वगैरे

'इंटेलिजन्स'सोबत 'हाय', 'लो', 'ॲव्हरेज', 'ग्रेट', 'कन्सिडरेबल' ही विशेषणे बसतात: 'अ मॅन ऑफ ॲव्हरेज इंटेलिजन्स'. 'बिग' बसत नाही. 'स्ट्राँग' लावायला गेलात तर अर्थच सरकतो. 'अ स्ट्राँग माइंड' म्हणजे खंबीर मन, तल्लख बुद्धी नव्हे. तल्लखपणासाठी 'अ शार्प माइंड' म्हणतात. बोलीभाषेतले 'शी हॅज ब्रेन्स' अनेकवचनातच शोभते.

याच वाक्यांतल्या आणखी दोन चुका यादीने धरलेल्याच नाहीत. 'ही इज हॅविंग हाय इंटेलिजन्स' चूक, कारण 'हॅव' जवळ असणे या अर्थाने चालू काळात येत नाही. 'ही हॅज' म्हणा. आणि 'इंटेलिजंट इन मॅथ्स'ऐवजी 'गुड ॲट मॅथ्स'.

आयक्यू टक्क्यांत

या गैरसमजाला इतिहास आहे. मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी १९१२ साली मानसिक वय (मुलाची बुद्धी कोणत्या वयाच्या सरासरी मुलाइतकी आहे ते) भागिले प्रत्यक्ष वय असे गुणोत्तर सुचवले. पुढे त्याला १०० ने गुणण्याची पद्धत पडली. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय दहा निघाले तर आकडा १२५. १०० ने गुणले म्हणजे टक्के, असा लोकांचा समज झाला. आजच्या चाचण्या हा भागाकार करतच नाहीत. त्या माणसाची तुलना समवयस्कांशी करतात, सरासरी १०० धरतात आणि प्रमाणित विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) बहुधा १५ ठेवतात. त्यामुळे सुमारे ६८ टक्के लोक ८५ ते ११५ यांच्या दरम्यान येतात.

म्हणून 'शी हॅज १२० पर्सेंट आयक्यू' हे भाषा आणि गणित दोन्ही दृष्टींनी चूक. 'शी हॅज ॲन आयक्यू ऑफ १२०' किंवा 'हर आयक्यू इज १२०' असे लिहा. पहिल्या वाक्यात 'ॲन' येतो, कारण 'आय'चा उच्चार स्वराने सुरू होतो. विशेषण मध्ये आले की तो बदलतो: 'अ हाय आयक्यू'. टक्का वापरायचाच असेल, तर तो तिच्यापेक्षा कमी गुण मिळवणाऱ्या लोकांचा लिहावा. १५ विचलनाच्या चाचणीत १२० म्हणजे साधारण ९१ टक्के लोकांच्या वर: 'शी स्कोअर्ड हायर दॅन अबाउट ९१ पर्सेंट ऑफ पीपल हर एज'.