पेडलवर 'बेस' छापले म्हणून खर्ज टिकत नाही

बेस गिटारसाठी एन्व्हलप फिल्टर, म्हणजे वाजवण्याच्या जोराप्रमाणे आवाजाचा रंग बदलणारे पेडल, घ्यायचा आहे असे कोणी बोलून दाखवले की त्याला बहुतेक वेळा एकाच साच्यातला सल्ला मिळतो. गिटारसाठी बनवलेले पेडल घेऊ नकोस, ते खर्ज खाऊन टाकते, म्हणून ज्यावर 'बेस' असे छापले आहे तेच घे. त्याच्या आधी कॉम्प्रेसर, म्हणजे हलक्या-जोरकस सुरांतला फरक कमी करणारे पेडल, लाव, म्हणजे प्रत्येक सुराला फिल्टर सारखाच उघडेल. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती जोराला फिल्टर किती उघडेल ते ठरवणारा नॉब, भरपूर ठेव. आणि शक्यतो अ‍ॅनालॉगच घे, कारण डिजिटलमध्ये ती मजा नाही. हा सल्ला मीही एके काळी ऐकला, पाळला आणि पुढे दोघातिघांना दिलाही, त्यामुळे तो तपासून पाहणे मला भागच आहे. आपल्याकडे ही पेडले दुकानात हाताळून पाहायला क्वचितच मिळतात आणि माणूस नावावर विसंबून मागवतो, हे या सल्ल्याच्या प्रसाराचे एक कारण असावे.

वा पेडलमध्ये फिल्टर सरकवण्याचे जे काम पाऊल करते ते एन्व्हलप फिल्टरमध्ये बोटांचा जोर करतो. पेडलमधला एक भाग, म्हणजे डिटेक्टर, सूर किती जोरात आला ते मोजतो, आणि त्या मापानुसार दुसरा भाग, म्हणजे आवाजाचा ठरावीक पट्टाच पुढे जाऊ देणारा प्रत्यक्ष फिल्टर, वर किंवा खाली सरकतो. खर्जाचा प्रश्न फिल्टरच्या भागाशी निगडित आहे आणि कॉम्प्रेसर, सेन्सिटिव्हिटी हे प्रश्न डिटेक्टरशी. वरच्या सल्ल्यात या दोहोंची सरमिसळ झाली आहे.

पहिला मुद्दा खर्जाचा. या प्रकारातले सर्वांत गाजलेले पेडल, म्यू-ट्रॉन थ्री, अमेरिकेतल्या म्युझिट्रॉनिक्स या कंपनीने १९७२ मध्ये आणले, आणि त्याच्या नावात बेस हा शब्द कुठेही नाही. स्टीव्ही वंडरने ते क्लॅव्हिनेट या विजेवरच्या कीबोर्ड वाद्याला जोडून १९७३ चे 'हायर ग्राउंड' वाजवले, जेरी गार्सियाने ते गिटारला जोडले आणि बूट्सी कॉलिन्सने बेसला. बेसवरच्या एन्व्हलप फिल्टरचा जो आवाज आज सगळ्यांच्या कानात बसला आहे, तो घडवण्यात 'बेस' असे न लिहिलेल्या या डबीचा वाटा फार मोठा आहे. ती बेसवर चालली याचे कारण तिच्या रचनेत आहे: तिच्यात लो-पास, बँड-पास आणि हाय-पास असे तीन प्रकार निवडता येतात, आणि लो-पास प्रकारात फिल्टरची सीमा कितीही वरखाली झाली तरी तिच्या खालचे सगळे जवळजवळ जसेच्या तसे पुढे जाते.

बँड-पासमध्ये, म्हणजे फक्त मधला पट्टा पुढे जाऊ देणाऱ्या प्रकारात, मात्र हिशेब वेगळा होतो. बेसच्या सर्वांत जाड ई तारेची मूळ वारंवारता ४१.२ हर्ट्झ आहे. समजा, साध्या दोन-ध्रुवी बँड-पास फिल्टरचा मध्य त्या क्षणी ४०० हर्ट्झवर आहे आणि त्याचा क्यू, म्हणजे टोकदारपणा, ४ आहे. अशा वेळी मूळ स्वराचा आवाज मध्यावरच्या आवाजाच्या सुमारे अडतिसाव्या भागाइतका, म्हणजे जवळपास ३२ डेसिबलने खाली जातो. हीच मांडणी गिटारच्या जाड तारेला, म्हणजे ८२.४ हर्ट्झला लावली तर आवाज सुमारे एकोणिसाव्या भागावर येतो. म्हणजे खर्ज गिटारचाही जातो. तो कोणाला जाणवत नाही इतकेच, कारण तिथे खाली उभे राहायला बेस असतो. बेसचाच खर्ज गेला तर त्याच्या खाली कोणी उरत नाही.

हे मी गणितातून नव्हे, फजितीतून शिकलो. घरी एकट्याने वाजवताना बँड-पासवर ठेवलेला आवाज मला इतका रसरशीत वाटला होता की मी तोच नेमून तालमीला घेऊन गेलो. ड्रम आणि कीबोर्ड सुरू झाल्यावर दुसऱ्या कडव्यापर्यंत कीबोर्डवाल्याचा डावा हात आपोआप खाली सरकला होता आणि माझी सुरावट तो वाजवू लागला होता. मी वाजवत होतो ते ऐकू येत होते, पण ते बेस म्हणून ऐकू येत नव्हते.

तेव्हा पेडलवर पाहायचे ते दोन गोष्टींसाठी: त्यात लो-पास प्रकार आहे का, आणि नसल्यास मूळ, म्हणजे ड्राय आवाज वेगळा मिसळता येतो का. एमएक्सआरच्या बेस एन्व्हलप फिल्टरवर ड्राय आणि एफएक्स (फिल्टर झालेला आवाज) असे दोन स्वतंत्र नॉब आहेत. ते पेडल बेससाठी योग्य आहे ते या दोन नॉबांमुळे. बॉसच्या एडब्ल्यू-३ वर बेससाठी वेगळा इनपुट जॅक दिलेला आहे, तोही असाच ठोस फरक. उलट इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या बेसबॉल्सच्या नावातच बेस आहे, पण तिच्यात दोन फिल्टर एकत्र सरकतात आणि ड्राय आवाज मिसळायचा नॉब तिच्यावर नाही. तिचा स्वरांसारखा, 'आ-ओ' म्हटल्यासारखा आवाज मला आवडतो. मात्र नाव वाचून खर्जाच्या खात्रीने ती घेणारा फसेल. शिवाय लो-पास म्हटले की खर्ज सुरक्षित, असेही सरसकट धरू नये. मूग या सिंथेसायझर बनवणाऱ्या कंपनीच्या शिडीच्या रचनेच्या फिल्टरमध्ये रेझोनन्स, म्हणजे सीमेजवळच्या आवाजाचा उठाव, वाढवत नेला की सीमेखालचा आवाज दबत जातो, म्हणून तिथे तो नॉब हात राखून फिरवावा लागतो.

गिटारचे पेडल बेसवर खरोखर अडखळते अशी एक जागा आहे, पण ती प्रचलित सल्ल्यात येतच नाही. डिटेक्टर आवाजाचा जोर मोजतो तो लाटेचे उंचवटे पाहून. ई तारेची पूर्ण लाट २४ मिलिसेकंदांची असते. दोन्ही बाजूंचे उंचवटे मोजणाऱ्या डिटेक्टरला दर १२ मिलिसेकंदांनी एक उंचवटा मिळतो, आणि एकाच बाजूचे मोजणाऱ्याला २४ मिलिसेकंद वाट पाहावी लागते. डिटेक्टर जर झटपट खाली येणारा असेल, तर तो दोन उंचवट्यांमधल्या खळग्यातही उतरतो आणि फिल्टर प्रत्येक उंचवट्यागणिक थरथरतो. कानाला हे सुरावर खरखरीत कीस पडल्यासारखे लागते, आणि जाड तारेवर जास्त, बारीक जी तारेवर बरेच कमी. गिटारच्या वारंवारता वर असल्याने तिथे हा दोष लपून राहतो. म्यू-ट्रॉनमध्ये प्रकाशाने बदलणारा रोधक वापरला आहे आणि तो स्वभावतःच सावकाश पूर्वपदावर येतो, त्यामुळे ही थरथर बरीच गिळली जाते. डिटेक्टरचा उतार फार लांबवूनही चालत नाही, कारण मिनिटाला १०० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्यात चार बसणारे सूर दीडशे मिलिसेकंदांच्या अंतराने येतात आणि तोवर फिल्टर खाली आला नाही तर पुढच्या सुराला सरकायला जागाच उरत नाही. या दोन टोकांमधली जागा शोधण्यासाठी डिके नावाचा नॉब असतो. तो ज्या पेडलवर नाही, ते बेससाठी घेण्यापूर्वी मी जाड तारेवर एक सूर लांब धरून नक्की ऐकेन.

कॉम्प्रेसर आधी लावण्याचा सल्ला मला सर्वांत उलटा वाटतो. हे पेडल जगते ते हलक्या आणि जोरकस सुरांतल्या फरकावर, आणि कॉम्प्रेसरचे कामच तो फरक कमी करण्याचे आहे. कॉम्प्रेसर ज्या जोरापासून काम सुरू करतो त्या उंबरठ्याच्या वर १२ डेसिबलचा फरक ४:१ च्या कॉम्प्रेशनमधून गेला की ३ डेसिबलचा उरतो. मग प्रत्येक सुराला फिल्टर सारखाच उघडतो हे खरे, पण मग बोटांनी काही सांगायचे शिल्लक राहत नाही. फिल्टर आधी आणि कॉम्प्रेसर नंतर ठेवला तर तोच कॉम्प्रेसर रेझोनन्सच्या टोकदार उसळ्या आवरतो, आणि ते काम तो छान करतो. अपवाद एकच मान्य करतो: अंगठ्याने मारलेल्या आणि बोटाने उचकलेल्या सुरांत फारच तफावत असेल, तर आधी हलकासा लिमिटर, म्हणजे फक्त टोकाचा जोर अडवणारा कॉम्प्रेसर, असायला हरकत नाही. फझची, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पेडलची, अडचणही याच जातीची आहे. फझ आधी ठेवला तर फिल्टरला चिरायला भरपूर हार्मोनिक्स, म्हणजे मूळ स्वराच्या वरचे उपस्वर, मिळतात, पण जोराचा चढउतार सपाट झाल्याने डिटेक्टर आंधळा होतो. क्यू-ट्रॉन प्लस या एन्व्हलप फिल्टरमध्ये यासाठी इफेक्ट्स लूप, म्हणजे मध्ये दुसरे पेडल जोडायची वाट, दिला आहे: फझ त्या लूपमध्ये बसतो आणि डिटेक्टर मात्र बेसचा मूळ आवाजच ऐकतो.

सेन्सिटिव्हिटी भरपूर ठेवण्याबद्दल इतकेच म्हणेन की ती हाताच्या आणि वाद्याच्या मानाने ठेवायची असते. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या प्रीअँपची, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या सर्किटची, अ‍ॅक्टिव्ह बेस बहुधा असे सर्किट नसलेल्या पॅसिव्ह बेसपेक्षा जोरकस आवाज पाठवते, आणि असा आवाज आला की डिटेक्टर हलक्या सुरालाच वरच्या टोकाला जाऊन चिकटतो. फिल्टर सतत उघडाच राहिला तर तो नसल्यासारखाच. गिटारसाठी बेतलेल्या काही पेडलांत नॉब अगदी खाली आणूनही असे होते, आणि ते पेडल नाकारायला हे कारण पुरेसे आहे. त्यासाठी लेबल वाचायची गरज नाही. याउलट फिल्टर अजिबात सरकल्यासारखा वाटत नसेल तर नॉब वाढवण्याआधी तारा पाहाव्यात. फिल्टर असलेल्यातूनच काही काढून टाकतो. जुन्या फ्लॅटवाउंड, म्हणजे गुळगुळीत वेटोळ्याच्या, तारा आणि त्यातही टोनचा नॉब बंद, असे असताना वरच्या पट्ट्यात कापण्यासारखे काही उरलेलेच नसते. मी एकदा आठवडाभर पेडलला दोष दिला आणि शेवटी तारा बदलल्या.

अ‍ॅनालॉग की डिजिटल या वादात फार वेळ घालवावा असे मला वाटत नाही. वर सांगितलेले सगळे प्रश्न, म्हणजे फिल्टरचा प्रकार, ड्राय आवाज, डिके आणि सेन्सिटिव्हिटीचा पल्ला, दोन्हीकडे सारखेच विचारावे लागतात, आणि दोन्हीकडे चांगली व वाईट उत्तरे देणारी पेडले आहेत. अंधाऱ्या स्टेजवर चारपाच नॉब हाताने चाचपता येतात आणि मेन्यू चाचपता येत नाही, म्हणून माझा कल अ‍ॅनालॉगकडे आहे. पण ती माझी सोय झाली.

पेडल प्रत्यक्ष पाहायला मिळालेच तर दुकानातली बेस घेऊ नये, स्वतःची न्यावी, कारण डिटेक्टरला तिचाच जोर समजून घ्यायचा आहे. मोकळी ई तार आधी कुजबुजल्यासारखी, मग नेहमीच्या जोराने आणि मग कार्यक्रमात हात सुटतो तशी वाजवावी. तिन्ही वेळा फिल्टर वेगवेगळ्या ठिकाणी थांबला पाहिजे. त्यानंतर पेडल एकदा बंद आणि एकदा चालू करत तोच सूर ऐकावा आणि चालू केल्यावर पोटात जाणवणारा भाग कमी होतो का ते पाहावे. हे हेडफोनवर नीट कळत नाही. त्यासाठी बऱ्यापैकी मोठा अँप लागतो, आणि तो मोठ्याने लावू देणारा दुकानदार.