तिकिटं पूर्ण होती, तरी पाकीट परत का आलं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

न्यू जर्सीच्या ताई,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्दे नेमके आहेत. म्हणून खाली दोन ओळी न लिहिता वेगळं उत्तर देत आहे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. माझा मूळ लेख अमेरिकी पोस्टाच्या एका नियमावर होता: फक्त तिकिटं लावलेलं जड किंवा जाड टपाल पेटीत टाकता येत नाही, पोस्टाच्या खिडकीवर द्यावं लागतं. ताईंनी शिकागोच्या मैत्रिणीसाठी एक दिवाळी अंक बबलच्या पाकिटात घातला, घरच्या काट्यावर तो ९ औंस भरला, हिशोबापेक्षा दोन तिकिटं जास्तच लावली आणि अमेरिकी पोस्टाच्या निळ्या पेटीत टाकला. नवव्या दिवशी पाकीट त्यांच्याच दारात परत. त्यांचे आक्षेप चार: लेखात १० औंस लिहिलंय, पण त्यांच्या कोपऱ्यावरच्या पेटीवर १३ औंसांची सूचना आहे, त्यांचं वजन तर दोन्हींपेक्षा कमी होतं, खिडकीवर कोणी ओळखपत्र मागत नाही, मग हा नियम कोणाला अडवतो, आणि नोकरी करणाऱ्या माणसाने खिडकीवर जायचं कधी?

आधी माझी चूक. मूळ लेखात मी वजनावर तीन परिच्छेद लिहिले आणि जाडी एका अर्ध्या वाक्यात उरकली. तुमचं पाकीट जाडीवर अडकलं असणार. नियमाला दोन टोकं आहेत आणि दोहोंपैकी एक जरी ओलांडलं तरी पुरे: वजन १० औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे २८३ ग्रॅमपेक्षा जास्त, किंवा जाडी अर्ध्या इंचापेक्षा, म्हणजे १२.७ मिलिमीटरपेक्षा जास्त. अशा टपालावर फक्त तिकिटं लावलेली असतील तर ते पेटीत टाकता येत नाही, पोस्टाच्या दालनातल्या फटीत सरकवता येत नाही आणि घरच्या मेलबॉक्सचा झेंडा वर करून पोस्टमनसाठीही ठेवता येत नाही. खिडकीवर, पोस्टाच्या माणसाच्या हातात द्यावं लागतं. हा नियम १ ऑक्टोबर २०१९ पासून आहे. १३ औंसांची मर्यादा त्याआधीची, ३० जुलै २००७ ची. पेटीवरची सूचना जुनी राहिली असेल तर पाकीट अडवणारा माणूस तिच्याकडे बघत नाही, चालू नियमाकडे बघतो.

आता तुमच्या अंकाचं गणित. २०० पानी अंक म्हणजे १०० कागद. साधारण कागदाला ०.०८ मिलिमीटर धरले तर ८ मिलिमीटर, वर मुखपृष्ठ. बबलचं पाकीट दोन्ही बाजूंनी मिळून सहज ५ मिलिमीटर घालतं. झाले साडेतेरा. अर्धा इंच ओलांडला तो अंकाने नाही, अस्तराने. तोच अंक आधी पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि मग साध्या जाड कागदाच्या पाकिटात घातला असता तर ९ मिलिमीटरच्या आसपास राहिला असता आणि पेटीत बिनधास्त टाकता आला असता. आधाराला पुठ्ठा मात्र घालू नका. मोठ्या पाकिटाच्या दराने जाणारं टपाल वाकलं पाहिजे. न वाकणारं पाकीट पार्सल धरलं जातं आणि दर बदलतो.

जाडी मोजायला पट्टी नको. २५ सेंटचं नाणं १.७५ मिलिमीटर जाड असतं. सात नाण्यांची चळत १२.२५ मिलिमीटर होते. पाकीट टेबलावर सपाट ठेवा, शेजारी चळत ठेवा. सर्वांत फुगलेल्या जागी पाकीट चळतीच्या वर दिसलं तर खिडकी गाठा. दाबून मोजू नका, कारण पाकीट पिशवीत हिंदकळून पुन्हा फुगतं. कशाचं काय आधी भरतं तेही लक्षात ठेवा. घरच्या प्रिंटरचा कागद साडेचार ग्रॅमचा असतो. ६३ कागदांत १० औंस भरतात आणि जाडी तेव्हा जेमतेम ६ मिलिमीटर असते. म्हणजे कागदपत्रं वजनावर अडकतात. कापड, राखी, खाऊ हे जाडीवर अडकतात. राखीच्या पाकिटाला अजून एक अडथळा आहे: पत्राची जाडी पाव इंचाच्या आत लागते. आत कुंकवाची डबी ठेवली की ते पत्र राहत नाही, मग वजन एक औंस का असेना.

दोन तिकिटं जास्त लावल्याचा फायदा का झाला नाही, ते आता सांगणं सोपं आहे. तिकीट पैसे भरल्याची खूण आहे. टपाल कोणी दिलं याची खूण नाही. कोणीही, कुठेही, रोख पैशांत घेतलेलं तिकीट कोणीही चिकटवू शकतो. ऑनलाइन घेतलेल्या लेबलामागे खातं आणि कार्ड असतं, कार्यालयातल्या फ्रँकिंग मशीनमागे नोंदणी असते. म्हणून तेच वजन, तीच जाडी, पण छापील लेबल असेल तर पेटीत चालतं. नियम जड टपालाविरुद्ध नाही, जड निनावी टपालाविरुद्ध आहे. यावर वाढीव तिकिटं लावणं हा उपायच नाही. उलट पोस्ट संशयास्पद पाकिटाची जी लक्षणं सांगतं त्यात गरजेपेक्षा जास्त तिकिटं हे एक आहे.

ही लक्षणांची यादी आपल्या लोकांनी नीट वाचावी असं मला फार वाटतं. तेलकट डाग, उग्र वास, भरमसाट चिकटपट्टी, सुतळी, एका बाजूला झुकलेलं वजन, परतीचा पत्ता नसणं. आता चकली-चिवड्याचं घरगुती पार्सल डोळ्यांसमोर आणा. डबा चुकून तिरका ठेवला की तेल कागदावर उतरतं, हिंगाचा वास बाहेर येतो, आणि फुटू नये म्हणून आपण पट्टीचे सहा वेढे देतो. त्यात काही वावगं नसतं, पण मशीनपाशी उभ्या माणसाला हे ठाऊक असायचं कारण नाही. म्हणून फराळ आधी टिपकागदात, मग झिपच्या दोन पिशव्यांत, एकीचं तोंड दुसरीच्या तळाशी. मग नव्या खोक्यात, चारही बाजूंना दोन बोटं भरण. पट्टी फक्त सांध्यांवर. सुतळी अजिबात नको, ती मशीनमध्ये अडकते. वरून तपकिरी कागदही नको, तो फाटतो आणि पत्ता सोबत घेऊन जातो.

आता तुमचा सर्वांत वजनदार आक्षेप. ओळखपत्र मागत नाहीत हे खरं, आणि वाईट माणूस ९ औंसांचं पाकीट टाकू शकतो हेही खरं. पण नियम कशासाठी आहे ते पाहू. त्याचा उगम विमानातल्या टपालात आहे. १५ नोव्हेंबर १९७९ रोजी शिकागोहून वॉशिंग्टनला निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या ४४४ क्रमांकाच्या विमानात टपालातली एक वस्तू धुमसली. उंची गाठल्यावर पेटावी म्हणून आत हवेचा दाब मोजणारं यंत्र बसवलं होतं. विमान सुखरूप उतरलं. तो बॉम्ब टेड काझिन्स्कीचा होता. टपालाने बॉम्ब पाठवणाऱ्या या माणसाला पुढे जग युनाबॉम्बर म्हणून ओळखू लागलं. पहिली देशव्यापी मर्यादा मात्र ऑगस्ट १९९६ ची, १६ औंसांची. त्याच्या आदल्याच महिन्यात टीडब्ल्यूए ८०० हे विमान न्यूयॉर्कजवळ कोसळून २३० जण गेले होते. तपासाअंती कारण निघालं इंधनाच्या टाकीतला स्फोट, बॉम्ब नव्हे. पण त्या उन्हाळ्यात ते कोणाला माहीत नव्हतं. नियम राहिला आणि मर्यादा खाली येत गेली.

खाली का आली असावी? २०१० च्या ऑक्टोबरमध्ये येमेनहून कुरियर कंपन्यांमार्फत निघालेल्या प्रिंटरच्या शाईपात्रांत स्फोटकं सापडली. एकात सुमारे ३०० ग्रॅम, दुसऱ्यात सुमारे ४०० ग्रॅम. ती टपाल खात्याची पार्सलं नव्हती, पण विमानाला किती वजन पुरतं याची कल्पना त्यातून येते. १६ औंस म्हणजे ४५३ ग्रॅम, १३ म्हणजे ३६८, १० म्हणजे २८३, तेही पाकीट-पुठ्ठ्यासकट. हे गणित माझं आहे, पोस्टाचं नव्हे. पण जाडीची अट त्यात चपखल बसते, कारण सपाट कागदात यंत्र लपत नाही. तेव्हा ९ औंसांना नियम अडवत नाही हा तुमचा मुद्दा मान्य. तो फक्त निनावीपणे विमानात चढू शकणाऱ्या वस्तूचा आकार लहान करतो.

‘मग सगळंच उघडून का बघत नाहीत?’ असंही तुम्ही विचारलंत. अमेरिकेत बंद पत्र उघडायला वॉरंट लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १८७८ साली जॅक्सन खटल्यात हे सांगितलं. फर्स्ट-क्लास आणि प्रायॉरिटी या वर्गांचं टपाल आजही असंच बंद मानलं जातं. आतलं बघता येत नाही, म्हणून देणाऱ्याकडे बघायचं. हा तोडगा मला पाकिटं फोडण्यापेक्षा कितीतरी बरा वाटतो. खिडकीवर नाव विचारत नसले तरी समोर माणूस असतो, पार्सल त्याच्या हातात पडतं आणि तो एक प्रश्न विचारतो: आत नाजूक, द्रव, नाशवंत किंवा धोकादायक काही आहे का, लिथियम बॅटरी किंवा अत्तर आहे का? हा प्रश्न उपचार म्हणून घेऊ नका. अल्कोहोलचं अत्तर देशांतर्गत टपालातही विमानाने जात नाही. जुना फोन भाच्याला पाठवायचा असेल तर वापरलेल्या उपकरणातली लिथियम बॅटरी फक्त जमिनीवरून जाते आणि खोक्यावर तशी खूण लागते. धोकादायक वस्तू जाणूनबुजून नियमाबाहेर पाठवल्यास दंड किमान २५० डॉलर आहे.

राहिला वेळेचा प्रश्न. खिडकी टाळायची असेल तर तिकिटं टाळा. पोस्टाच्या संकेतस्थळावर क्लिक-एन-शिप या लेबल छापायच्या सोयीवर खातं काढा, वजन आणि मापं भरा, लेबल घ्या. दर खिडकीपेक्षा सहसा कमी पडतो. ग्राउंड अॅडव्हांटेज या पार्सल सेवेत मागोवा आणि १०० डॉलरपर्यंतचा विमा धरलेला असतो. पोस्टमनला घरून उचलायला फुकट बोलावता येतं. मोठ्या पाकिटाचा स्वस्त दर मात्र तिथे मिळत नाही, त्यामुळे एका अंकासाठी पातळ पाकीट, तिकिटं आणि सात नाण्यांची चळत हाच मार्ग परवडतो.

‘पुस्तकांच्या स्वस्त दराने पाठवा’ असं तुम्हाला खाली कोणीतरी सुचवलंय. तसं करू नका. त्या दरात, म्हणजे मीडिया मेलमध्ये, जाहिराती असलेलं साहित्य बसत नाही, आणि दिवाळी अंकात जाहिराती किती असतात ते तुम्ही जाणताच. शिवाय तो दर घेतला की पोस्टाला पाकीट उघडून पाहायची मुभा असते. फरकाची वसुली शिकागोच्या मैत्रिणीकडून होऊ शकते. जाहिराती नसलेली कादंबरी असेल तर खुशाल पाठवा.

घरात साठवलेली तिकिटं वाया जात नाहीत. जड पार्सलावर ती लावून खिडकीवर न्या. कारकून वजन करतो, कमी पडलेल्या रकमेचं लेबल जोडतो. फॉरेव्हर तिकिटाची किंमत तुम्ही घेतलीत तेव्हाची नाही, वापरता त्या दिवसाच्या एक औंस पत्राची धरली जाते. जुलै २०२५ मध्ये ती ७८ सेंट झाली होती.

परत आलेलं पाकीट अजून तसंच असेल तर ते पेटीत पुन्हा टाकू नका, पुन्हा परतच येईल. जसंच्या तसं खिडकीवर घेऊन जा. परतीचा पत्ता तुम्ही लिहिला होता म्हणून ते नवव्या दिवशी तरी हातात आलं. दोन्ही पत्ते निकामी ठरलेली पार्सलं अटलांटाच्या मेल रिकव्हरी सेंटरमध्ये जातात. पुढच्या वेळी परतीचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून पाकिटाच्या आतही टाका.