कार्बोनारातलं क्रीम आणि तुमचा राग

नमस्कार. नाव टाकलेलं नाहीत, त्यामुळे नुसतंच नमस्कार. इटालियन रेस्टॉरंटवरच्या माझ्या पोस्टखाली तुम्ही जे लिहिलंयत ते रात्री वाचलं तेव्हा चांगलंच झोंबलं, खोटं कशाला बोलू. उत्तर टाइप पण केलं होतं आणि नशीब पाठवलं नाही. सकाळी परत वाचलं तेव्हा कळलं की निदान एका मुद्द्यावर तुम्ही मला बरोब्बर पकडलंय.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही दोघी मैत्रिणी शनिवारी रात्री जेवायला गेलो होतो, मी कार्बोनारा (अंडं आणि चीजच्या सॉसमधला पास्ता) मागवली, तिच्यात क्रीम निघालं म्हणून परत पाठवली, मैत्रीण शाकाहारी आहे तिने रिसोटो (इटालियन मऊसर भात) आणि चीजबद्दल दहा प्रश्न विचारले, आणि हे सगळं मी साग्रसंगीत लिहिलं. तुमचं म्हणणं असं की हे ‘ऑथेंटिक’चं खूळ आहे, क्रीम छान लागतं तर गपचूप खावं, गर्दीच्या वेळी वेटरकडे चीजची कुंडली मागणं हा माज आहे, ब्रेडचे पैसे लावले ते मात्र बाईंनी निमूट दिले, आणि एवढं सगळं लिहून त्या जागेत चांगलं काहीच नव्हतं का. ‘तुमच्या जिभेला इटलीचा पासपोर्ट मिळालाय का’ हे वाक्य मात्र मस्त होतं. नाही मिळालेला.

आधी माझी चूक. पोस्टमध्ये मी ठोकून दिलं होतं की ‘इटलीत कार्बोनारात क्रीम कधीच कोणी घालत नाही’. हे चुकीचं आहे. मुळात कार्बोनारा ही काही रोमन सम्राटांच्या काळची डिश नाही, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी तिचं नाव कुठे छापलेलं सापडत नाही, 1950 च्या आसपास दिसायला लागतं. 1954 साली एका इटालियन मासिकात रेसिपी आली तिच्यात लसूण होता आणि चक्क ग्रुयेर चीज होतं, जे स्विस! पुढे कितीतरी वर्षं इटलीतलेच शेफ क्रीम घालत होते, ग्वाल्तिएरो मार्केसी म्हणजे इटलीत मिशेलिन या रेस्टॉरंट गाइडचे तीन स्टार पहिल्यांदा मिळवणारा माणूस, त्यानेही घातलंय. आज जे ‘खरी कार्बोनारा’ म्हणून सगळे छाती पिटून सांगतात, म्हणजे ग्वांचाले (डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस), अंडं, पेकोरिनो रोमानो (मेंढीच्या दुधाचं चीज), काळी मिरी आणि बास, ते एवढं पक्कं व्हायला बराच काळ गेला. तर ते वाक्य मी पोस्टमधून काढलंय आणि तिथे ‘वाचकाने लक्षात आणून दिलं’ असं लिहिलंय.

पण. मी प्लेट परत पाठवली ती इटलीची अब्रू वाचवायला नाही हो. त्यांच्या मेनूवर कार्बोनाराच्या खाली त्यांनीच लिहिलं होतं, ‘अंड्याचा बलक, पेकोरिनो, काळी मिरी, ग्वांचाले, क्रीम नाही’. ‘क्रीम नाही’ हे त्यांचे शब्द, मला विचारून नव्हते छापले. आणि समोर काय आलं, तर पांढरट सॉसमध्ये पोहणारी स्पॅगेटी. काट्याला गुंडाळून वर उचलली की सॉस तिला सोडून खाली गळायचा आणि प्लेटच्या तळाशी पांढरं तळं साचायचं, दोन मिनिटं बोलत बसलो तर त्या तळ्यावर साय धरायला लागली. अंड्याचा सॉस असं वागत नाही. तो पिवळसर असतो, पास्त्याला चिकटून बसतो, आणि बिघडलाच तर त्याच्या गुठळ्या होतात, पण साय त्याच्यावर येत नाही. मेनूवर ‘क्रीमी कार्बोनारा’ लिहिलं असतं तर मी एक तर ती मागवली नसती, किंवा मागवून आवडीने खाल्ली असती. तुमच्या क्रीमशी माझं काही वाकडं नाही.

आणि किचन असं का करतं ते पण मला कळतं. बलक साधारण 65 ते 70 डिग्रीच्या दरम्यान घट्ट होतो, त्याच्या पुढे गेलं की ऑम्लेट, त्यामुळे पॅन गॅसवरून उतरवून, पास्त्याचं पाणी थोडं थोडं घालत, हलवत हलवत तो सॉस करायला लागतो आणि केला की लगेच टेबलावर गेला पाहिजे. शनिवारी रात्री एकाच वेळी पंधरा ऑर्डरी लागलेल्या असताना हे करणाऱ्याला मी हात जोडते. क्रीम घातलं की सॉस फुटायची भीती कमी होते, चार मिनिटं उशीर झाला तरी चालतं. समजलं. मग ‘क्रीम नाही’ एवढे दोन शब्द मेनूवरून काढा ना.

आता वेटरला छळल्याचा आरोप. यात मात्र मी एक इंचही मागे हटणार नाही. तुम्ही लिहिलंयत, ‘एवढं सोवळं असेल तर घरी बसावं’. अहो, मैत्रिणीने मागवायला घेतला होता मशरूम रिसोटो, त्याच्यापुढे ‘शाकाहारी’ असं छापलेलं होतं, आणि खाली बारीक अक्षरात ‘ऑर्डर दिल्यावर ताजा बनवतो, वीस मिनिटं लागतील’. तिने साधा प्रश्न विचारला, स्टॉक (ज्यात तांदूळ शिजवतात ते सूपसारखं पाणी) कसला आहे? वेटर पोरगा विशीतला असेल, गोंधळला, आत जाऊन आला आणि म्हणाला, चिकन स्टॉक. बरं, मग व्हेज स्टॉकमध्ये नाहीतर नुसत्या पाण्यात करून द्याल का? परत आत. परत येऊन म्हणाला, नाही मॅडम, बेस सकाळीच तयार असतो.

म्हणजे बघा हं, दोन साध्या प्रश्नांत दोन गोष्टी बाहेर आल्या. शाकाहारी नाही, आणि ताजाही नाही. तांदूळ अर्धामुर्धा शिजवून ट्रेमध्ये पसरून गार करून ठेवायचा आणि ऑर्डर आली की शेवटची पाच-सात मिनिटं करायची, ही पद्धत खूप रेस्टॉरंटांत असते आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. कच्च्या तांदळापासून सुरू केलं तर सोळा ते अठरा मिनिटं तरी सतत लक्ष द्यायला लागतं, आणि शेवटी गॅस बंद करून गार लोणी आणि चीज घालून जोरात घोटायचं ते वेगळंच. हे नीट केलं तर अर्धशिजवलेल्या बेसचाही रिसोटो चांगला होतो, प्लेट जरा हलवली की तो लाटेसारखा पसरतो, ढेकळासारखा बसून राहत नाही. फक्त मग ‘ताजा, वीस मिनिटं’ असं लिहू नका. आणि चिकन स्टॉकपुढे ‘शाकाहारी’ तर नकोच नको, तिथे चवीचा नाही, समोरच्याच्या विश्वासाचा प्रश्न येतो.

चीजचं तुम्हाला फारच हास्यास्पद वाटलेलं दिसतंय, तर तेही सांगते. पार्मिजानो रेजानो या नावाने जे चीज विकलं जातं ते बनवायचे नियम ठरलेले आहेत: दूध, मीठ आणि वासराच्या पोटातून काढलेलं रेनेट, आणि कमीत कमी बारा महिने मुरवायचं. रेनेट म्हणजे दूध फाटवणारा, विरजणासारखं काम करणारा पदार्थ. पेकोरिनो रोमानोला कोकराचं रेनेट लागतं. नियमच तसा आहे, त्यामुळे या दोन नावांखाली शाकाहारी चीज असूच शकत नाही. बाकी वनस्पतीच्या किंवा सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटची कडक चीजं मिळतात, दिसायला तशीच, किसून घातली तर बऱ्याच जणांना फरकही कळणार नाही. आता कुठलं चीज वापरलंय हे किचनमधल्या पाकिटावर लिहिलेलं असतं, बघून सांगायला अर्धा मिनिट. काही शाकाहारी लोकांना रेनेट चालतं, काहींना चालत नाही, ज्याचं त्याने ठरवावं, पण ठरवायला आधी कळायला तर पाहिजे! पाना कोत्ता या क्रीमच्या गोड पदार्थात जिलेटिन म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेला पदार्थ असतो, पुत्तानेस्का या टोमॅटोच्या सॉसमध्ये अँकोव्ही म्हणजे मासे असतात, हे पण अनेकांना खाऊन झाल्यावर कळतं.

त्या पोराला मात्र आम्ही एका शब्दाने दुखावलं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पोस्टमध्ये मी ‘वेटरला काहीच माहीत नव्हतं’ असं लिहिलं ते वाचून तुम्हाला तो माझा तोरा वाटला असेल, तर बरोबर आहे, वाक्य वाईटच पडलंय. चार वेळा आतबाहेर करून एकदाही त्याचा चेहरा वाकडा झाला नाही, हे लिहायचं राहिलं.

ब्रेडच्या पैशांचं म्हणाल तर ते निमूट दिले कारण मेनूच्या पहिल्या पानावर ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी रक्कम लिहिलेली होती. इटलीत हा जुना प्रकार आहे, टेबल मांडल्याचे आणि ब्रेडचे म्हणून घेतात, आणि तिथेही यावरून भांडणं होतात, लात्सिओ प्रांतात म्हणजे रोम ज्यात येतं तिथे 2006 साली कायद्याने बंदही केला. मला आवडतो का? नाही. पण आधी सांगून घेतला तर मी तक्रार कुठल्या तोंडाने करू.

तुम्ही स्वतः तिथे जाऊन चिकन मागवलंत आणि प्लेटमध्ये ‘फक्त चिकनच’ आलं म्हणून वैतागलात, तिथे मी रेस्टॉरंटच्या बाजूने आहे. इटालियन मेनूत पास्ता-रिसोटो हे प्रीमी (पहिला कोर्स), मांस-मासे सेकोन्दी (दुसरा), आणि भाज्या-बटाटे कोन्तोर्नी (जोडीला) म्हणून वेगळे मागवायचे असतात. वेटरने हे सांगायला हवं होतं, एवढं खरं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, चांगलं काहीच नव्हतं का. होतं. रिसोटो रद्द झाल्यावर मैत्रिणीने वैतागून मेनूतली सगळ्यात साधी गोष्ट मागवली, स्पॅगेटी आल्यो ए ओल्यो. लसूण, ऑलिव्ह ऑइल, सुकी लाल मिरची, पार्सली, संपलं. मी पोस्टमध्ये तिला एक ओळ दिली, कारण तोपर्यंत माझा अर्धा जीव त्या क्रीममध्ये अडकला होता. पण ती प्लेट आली तेव्हा लसणाचे काप इतके पातळ होते की जवळजवळ आरपार दिसत होतं, कडेने सोनेरी, एकही करपलेला नाही, करपला असता तर सगळं तेल कडू झालं असतं. पास्ता चावला की मध्ये जरासा कण लागत होता, लागायला हवा तसाच. आणि तेल सुटून बाजूला साचलेलं नव्हतं, पास्त्याच्या पाण्यातल्या स्टार्चने तेल आणि पाणी असं एकजीव झालं होतं की प्रत्येक स्पॅगेटीवर चकाकता थर होता आणि प्लेटमध्ये तळं नाही. त्याच किचनमधून, त्याच गर्दीत. लपवायला काही नाही अशी डिश त्यांनी फर्स्ट क्लास केली, आणि माझी कार्बोनारा परत गेली तेव्हा वेटरने दुसरं काय आणू विचारलं तर मी तिच्या प्लेटकडे बोट दाखवलं. दोघींनी प्लेटला लागलेलं तेल ब्रेडने पुसून खाल्लं, तोच पैसे लावलेला ब्रेड.

परत जाणार आहात असं लिहिलंयत, तर या वेळी तीच मागवा, आणि वर चीज घालू का म्हणून कोणी किसणी घेऊन आलं तर नको म्हणा.