‘लाडाची दुखणी’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

दुसऱ्याला झालेला स्पर्श मला माझ्या अंगावर जाणवतो, या माझ्या लेखावरची तुमची लांबलचक प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तुमचं बरोबर आहे ते आधी मान्य करते. लंडनच्या ज्या अभ्यासात अशा एका बाईचा मेंदू स्कॅन करून पाहिला, तो सेरा-जेन ब्लेकमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २००५ चा आहे. मी २००७ लिहिलं होतं. दुरुस्त केलं आहे, आभार.

आता तुमचं ते वाक्य. “अहो बाई, लहानपणी फार लाड झाले की असली दुखणी सुचतात.”

माझे लाड? मी सहा वर्षांची असताना वडील गेले. आईनं लोकांचे ब्लाउज शिवून आम्हा तिघा भावंडांना वाढवलं. दुखतंय म्हणून कुरकुर करायची सोयच नव्हती आमच्या घरात. चौथीत असताना गुरुजींनी फळ्याजवळ उभ्या केलेल्या एका मुलीच्या हातावर छडी मारली. तिचा डावा हात पुढे होता. मी तिसऱ्या रांगेत, तिच्या समोर. माझ्या उजव्या तळव्यात अशी आग झाली की मी हात झटकन फ्रॉकखाली दाबला. गुरुजींना वाटलं, मी नक्कल करतेय. मग मलाही दोन बसल्या. त्या दोन आणि आधीची एक यांत मला काही फरक कळला नव्हता, एवढंच की वळ दोनच उठले.

तिचा डावा आणि माझा उजवा हे मी मुद्दाम सांगतेय. २००५ च्या त्या बाईलाही असंच व्हायचं: समोरच्याच्या डाव्या गालाला हात लागला की हिच्या उजव्या गालावर, आरशात बघावं तसं. आणि सगळ्यांनाच असं होतं, असं तिला वाटायचं. हे वाचलं तेव्हा मी पस्तिशी ओलांडली होती. वाचून रडले. ते रडणंही तुमच्या हिशेबी लाडच असेल.

२००७ साली मायकेल बॅनिसी आणि जेमी वॉर्ड या संशोधकांनी तर साधी, सरळ परीक्षा घेतली. पडद्यावर कुणाच्या तरी गालाला बोट लागताना दाखवायचं, त्याच वेळी बघणाऱ्याच्या गालालाही खरोखर स्पर्श करायचा, आणि विचारायचं, खरा स्पर्श कुठल्या गालाला झाला? असं जाणवणारी माणसं इथे इतरांपेक्षा जास्त चुकली. नुसता पाहिलेला स्पर्श त्यांनी खरा म्हणून सांगितला. लाडावलेलं मूल अशी चूक करतं का, सांगा.

“दुसऱ्याला लागलं की काटा सगळ्यांच्याच अंगावर येतो,” हा तुमचा मुद्दा लेखात येऊन गेलाय. पुन्हा लिहीत बसत नाही. मिरर न्यूरॉन, म्हणजे दुसऱ्याला काही करताना नुसतं पाहूनही जाग्या होणाऱ्या मेंदूतल्या पेशी, यांच्याबद्दलचे तुमचे तीन परिच्छेद वाचले, त्यावर वाद घालायची मला इच्छा नाही. आणि डॉक्टरांचा कागद मागणारे तुम्ही कोण? मी तुमच्याकडे रजेचा अर्ज केलेला नाही.

“लक्ष वेधून घ्यायची हौस” असंही तुम्ही लिहिलंत. गेल्या वर्षी आई दवाखान्यात होती. सलाइनसाठी तिची शीर सापडेना. नर्सनं चार ठिकाणी सुई घातली, आणि चारही वेळा माझा हात कोपरापर्यंत ठणकला. मी मान वळवू शकले असते. वळवली नाही, कारण आई माझ्याकडे बघत होती. त्या खोलीत मी कुणाला काही बोलले नाही, आईलाही नाही. लेखात पहिल्यांदाच लिहिलं, आणि त्याच्या खाली तुमची हौस आली.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, मी उत्तर देईन. पण ‘अहो बाई’ नको. माझं नाव लेखाच्या वरच आहे.