‘असाइल’ म्हटलं की घर, पगार आणि पासपोर्ट? जर्मनीबद्दलच्या फॉरवर्डची झडती

फॉरवर्डचा मजकूर थोडक्यात असा: युद्ध चालू असलेल्या देशातल्या कुणीही जर्मनीत पाऊल ठेवून ‘असाइल’ (म्हणजे आश्रय) एवढा एक शब्द उच्चारला की घर, पगार आणि पुढे पासपोर्ट मिळतो. खरे गरजू असते तर पहिल्याच सुरक्षित देशात थांबले असते, नाहीतर वकिलातीत रीतसर अर्ज करून आले असते. आणि नकार मिळाला तरी अपिलं करत वर्षानुवर्षं राहतात. यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात खऱ्याचा एखादा धागा आहे, म्हणूनच ते पटकन पटतं.

‘वकिलातीत रीतसर अर्ज करावा’

अशी खिडकीच नाही. जर्मन वकिलात आश्रयाचा अर्ज घेत नाही. अर्जदार स्वतः जर्मनीत किंवा तिच्या सीमेवर हजर असावा लागतो, आणि तिथवर पोचण्यासाठी ‘आश्रय व्हिसा’ नावाचा काही प्रकार नाही. पर्यटक व्हिसा मागायला गेलं तर मुदत संपल्यावर परत जाणार याची खात्री पटवावी लागते. ज्याचं गावच उरलं नाही तो ती कशी पटवणार? व्हिसा नसलेला प्रवासी आणला तर विमान कंपनीला दंड बसतो, त्यामुळे चेक-इनच्या काउंटरवरच माणूस अडतो. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेमार्फत काहींचं पुनर्वसन होतं, पण तिथे निवड संस्था आणि तो देश करतात आणि जागा थोड्या असतात. कागदांविना शिरणं हा आपोआप गुन्हा ठरत नाही, तो यामुळेच: १९५१ च्या निर्वासित कराराच्या ३१ व्या कलमानुसार धोक्याच्या जागेहून थेट आलेल्या, विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर झालेल्या आणि सबळ कारण देणाऱ्या निर्वासिताला बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करता येत नाही.

‘पहिल्या सुरक्षित देशात थांबायला हवं’

करारात असं कलम नाही. हा धागा आला आहे युरोपीय संघाच्या २०१३ च्या डब्लिन नियमावलीतून, आणि ती सांगते एवढंच की अर्ज तपासायचा कोणत्या देशाने. त्यातही आधी कुटुंब पाहिलं जातं, मग व्हिसा कुणी दिला, आणि त्यानंतर संघात शिरकाव कुठून झाला. बोटांचे ठसे ‘युरोडॅक’मध्ये, म्हणजे युरोपच्या ठशांच्या सामायिक नोंदवहीत, ग्रीस किंवा इटलीच्या नावावर सापडले तर जर्मनीने २ महिन्यांत त्या देशाला विचारायचं, आणि होकार आल्यावर ६ महिन्यांत माणूस तिकडे पाठवायचा. मुदत टळली तर प्रकरण जर्मनीचंच होतं. त्यावरून ‘सहा महिने लपून राहा’ असा सल्ला फिरतो. तो अंगाशी येतो, कारण फरार ठरलेल्याची मुदत १८ महिन्यांवर जाते. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या नव्या युरोपीय कायद्यांनी २०२६ च्या मध्यापासून हे नियम बदलायचं ठरलं, त्यामुळे जुन्या आकड्यांवर भिस्त ठेवू नये. मे २०२५ पासून जर्मनीने आश्रय मागणाऱ्यांना जमिनीच्या सीमेवरूनच परत पाठवणं सुरू केलं, तेव्हा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयाने २ जून २०२५ ला तीन सोमाली अर्जदारांच्या प्रकरणात ते बेकायदा ठरवलं: आधी डब्लिनची चौकशी, मग पाठवणी.

‘एक शब्द पुरतो’

त्या एका शब्दाने फक्त नोंदणी सुरू होते. ठसे, फोटो, ओळखपत्रं जमा, आणि हाती पोचपत्र. कोणत्या राज्यात राहायचं हे अर्जदार ठरवत नाही. राज्यांचा वाटा ठरलेला आहे, दोन तृतीयांश करउत्पन्नावर आणि एक तृतीयांश लोकसंख्येवर. नवरा-बायको आणि अल्पवयीन मुलं एकत्र ठेवतात. हॅम्बुर्गला मामा आहे हे कारण चालत नाही. त्यानंतर संघीय स्थलांतर कार्यालयात, म्हणजे ‘बाम्फ’मध्ये, प्रत्यक्ष अर्ज. तोवर झालेलं सगळं म्हणजे नुसती इच्छा नोंदवणं.

खरी परीक्षा पुढे: ‘आनह्योरुंग’, म्हणजे सुनावणी. सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिलं तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. आधी ओळख, नातेवाईक आणि प्रवासाचा मार्ग विचारतात. इथेच अनेक जण चुकतात. वाळवंट, बोट, दलाल हे तासभर सांगतात आणि मूळ प्रश्नाला, ‘परत गेलात तर तुमचं नेमकं काय होईल?’, दोन वाक्यांत उरकतात. निर्णय मात्र त्या दोन वाक्यांवर असतो. इथे न सांगितलेली गोष्ट नंतर कोर्टात काढली तर ‘वाढवून सांगितलं’ असा शिक्का बसतो. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईने स्त्री अधिकारी आणि स्त्री दुभाषी आधीच मागावी, लेखी.

दुसरा घोळ तारखांचा. अफगाण माणूस सौर हिजरी सन सांगतो. काबूल तालिबानच्या हाती गेलं ती १५ ऑगस्ट २०२१ ही तारीख त्याच्या लेखी २४ असद १४०० असते (असद हा तिथला महिना). आपल्याकडे कुणी शके १९४३ मधली घटना सांगावी आणि लिहून घेणाऱ्याने इसवी सन काढताना ७८ च्या जागी ७९ मिळवावेत, तसं तिथे होतं. वर्ष चुकलं की अधिकाऱ्याला विसंगती दिसते. म्हणून सुनावणीचा मजकूर शेवटी परत भाषांतर करून वाचला जातो तेव्हा नावं, गावं, तारखा एकेक तपासाव्यात, चूक तिथेच दुरुस्त करून घ्यावी आणि मगच सही करावी. थकलेला माणूस ‘वाचू नका, ठीक आहे’ म्हणतो. तसं म्हणू नये.

‘युद्ध म्हणजे आश्रय पक्का’

१९५१ च्या करारात युद्ध हे कारणच नाही. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत या पाचांपैकी कशामुळे तरी छळ व्हायला हवा. नुसत्या युद्धातून सुटलेल्याला मिळालंच तर सहसा ‘दुय्यम संरक्षण’ मिळतं, म्हणजे निर्वासिताहून कमी हक्कांचा दर्जा. नावाचा फरक वाटतो, पण ते घर मोडणारं आहे: २०१६ नंतर हजारो सीरियनांना हाच दर्जा मिळाला, आणि मार्च २०१६ ते जुलै २०१८ त्यांना बायकामुलं आणता आली नाहीत. पुढे महिन्याला १,००० व्हिसांची मर्यादा आली, आणि जुलै २०२५ पासून दोन वर्षांसाठी पुन्हा बंदी. सीरियाचे अध्यक्ष बशर अल-असद यांची सत्ता ८ डिसेंबर २०२४ ला कोसळताच सीरियनांच्या अर्जांवरचे निर्णय थांबवले गेले.

युक्रेनची गोष्ट वेगळी. त्यांना ४ मार्च २०२२ पासून थेट तात्पुरतं संरक्षण आहे, आश्रयाच्या अर्जाची गरजच नाही.

‘घर, पगार, पासपोर्ट’

२०२५ चा दर: सामूहिक निवासातल्या एकट्या अर्जदाराला महिन्याला ३९७ युरो, तेही काही अंशी वस्तूंच्या रूपात आणि अनेक ठिकाणी अशा कार्डावर की रोख फक्त ५० युरो निघते. जर्मनीतला नेहमीचा निर्वाहभत्ता तेव्हा ५६३ होता. ‘घर’ म्हणजे सुरुवातीला छावणीतली खाट. पहिले किमान ३ महिने कामाला बंदी. मान्यता मिळालेल्या निर्वासिताला प्रवासपत्र मिळतं, पण ते मायदेशासाठी चालत नाही. नागरिकत्व ही त्यानंतरची, भाषा आणि कमाई दाखवण्याची वेगळी गोष्ट.

‘नकार आला तरी काय होतं?’

बरंच होतं, आणि झपाट्याने. निर्णय पिवळ्या पाकिटात येतो. पोस्टमन त्यावर तारीख लिहितो आणि मुदत त्या दिवसापासून धावते, पाकीट उघडलं नाही तरी. साध्या नकाराला दावा लावायला २ आठवडे. ‘उघडच निराधार’ असा शेरा असेल तर १ आठवडा, आणि त्यातच हद्दपारीला स्थगितीचा अर्जही. नवे कायदे लागू झाल्यावर आकडे बदलू शकतात, म्हणून निर्णयासोबतच्या कागदावर छापलेली मुदतच खरी मानावी. कोर्ट फी नसते, वकिलाची असते. पत्ता बदलला आणि बाम्फला कळवला नाही तर जुन्या पत्त्यावर गेलेलं पत्रही पोचलं असंच धरतात. पाकीट फेकू नये, कारण तारखेचा पुरावा तेच आहे. आणि छावणीतून खोलीत राहायला गेल्यावर पहिलं काम म्हणजे पत्रपेटीवर आपलं नाव चिकटवणं, कागदपत्रांवर आहे त्याच स्पेलिंगमध्ये.